वीस युनिटचा डबा

परभणीतल्या एका शोरूमवाल्याने मला फसवले. सत्तावीस युनिटच्या बॅटरीचा किलोमीटरचा आकडा सांगून त्याने वीस युनिटच्या बॅटरीची गाडी मला दिली. युनिट म्हणजे तेच, जे घरच्या लाईट बिलावर असते. ही गोष्ट मला शोरूममध्ये कळली नाही. येलदरीच्या धरणाजवळ, एका पिठाच्या गिरणीपुढे कळली. ती कशी कळली आणि त्या दिवसात मी काय काय पाहिले, ते तिकडे न गेलेल्यांसाठी लिहून ठेवतो आहे. फसवणूक झाली नसती तर त्यातले निम्मे दिसले नसते, हेही खरे. पण त्याचे श्रेय मी शोरूमवाल्याला देणार नाही.

मी सायकलच्या कॅरिअरला गठ्ठा बांधून आठवडी बाजारांत तयार कपडे विकत मोठा झालो. आज परभणीत माझे दोन मजली दुकान आहे. भाव करण्यात मला हरवणारा माणूस अजून भेटायचा आहे, असे मी परवापर्यंत म्हणत होतो.

गाडी मी हौसेने घेतली नव्हती. माझी थोरली बहीण राणीसावरगावला राहते. आम्ही तिला अक्का म्हणतो. आई लवकर गेली, मला अक्कानेच वाढवले. पण तिला डिझेलचा वास सोसत नाही. एसटी असो, जीप असो, दहा मिनिटांत तिच्या पोटात ढवळायला लागते आणि ओकून ओकून ती पांढरी पडते. गोळ्या झाल्या, लिंबू झाले, आले झाले. सत्तरी आली तरी ती गंगाखेडच्या पुढे गेलेली नव्हती. माझे दुकानसुद्धा तिने पाहिले नव्हते. आणि इच्छा तर एकच होती, येलदरीचे धरण पाहायची. आमचे वडील, म्हणजे अण्णा, तरुणपणी त्या धरणाच्या कामावर दगड वाहायला होते. दर पाच-सहा महिन्यांनी ते घरी यायचे तेव्हा तळहात फुटलेले असायचे, आणि अक्का त्यावर तेल चोळत बसायची. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

बॅटरीच्या गाडीला वास नसतो हे कळले आणि मी हिशोब मांडला. राणीसावरगावहून येलदरी एकशेवीस-बावीस किलोमीटर. जाऊन-येऊन अडीचशेच्या आत. शोरूममधल्या रंगीत कागदावर छापले होते, ‘एका चार्जिंगमध्ये तीनशे किलोमीटरपर्यंत’. पन्नास उरत होते. अक्काला एका दिवसात दाखवून आणता येणार होते. मी तीन तास भाव केला. विक्रेता हटत नव्हता. मग तो आत जाऊन आला आणि एकदम म्हणाला, “जाऊ द्या मामा, तुमच्यासाठी करतो.” समोरचा असा एकदम हो म्हणाला की माल उलटून पाहायचा, हे मी माझ्या दुकानातल्या माणसांना रोज शिकवतो. त्या दिवशी मी माल उलटून पाहिला नाही. जिंकलो म्हणून पेढे वाटले.

राणीसावरगाव

ऑक्टोबरचे दिवस होते. आदल्या दिवशीच मी अक्काकडे जाऊन गिझरच्या प्लगपासून खिडकीतून वायर ओढून गाडी चार्जिंगला लावून ठेवली होती. सकाळी अक्का तयार होऊन बाहेर आली. गळ्यात आम्हा लिंगायतांची इष्टलिंगाची चांदीची पेटी, एका हातात शिदोरीची पिशवी, दुसऱ्या हातात लिंबू आणि तीन रिकाम्या कॅरीबॅगा. गाडीत बसण्याआधी तिने गाडीला पूर्ण फेरी मारली. मागे जाऊन खाली वाकली आणि वास घेतला.

“धूर कुठून सोडती रं ही?”

“सोडतच नाही, अक्का.”

“खाती तर कायतरी. मग सोडत न्हाई म्हंजी?” तिने माझ्याकडे संशयाने पाहिले. “तुला कुणी गंडवलं तर न्हाई ना?”

मी हसलो. आता ते हसू आठवले की अंगाचा तिळपापड होतो.

पडद्यावर शंभर टक्के दिसत होते. पण त्याखाली गाडी किती जाईल ते अंतर लिहिले होते, एकशे अठ्ठ्याऐंशी. आदल्या दिवशी मी तिकडे पाहिलेच नव्हते. मी जागेवरून विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, “नवीन गाडी आहे मामा, तिला तुमची सवय झाली की आकडा वाढतो.” मी ते ऐकून घेतले. गिऱ्हाईकाला मीही सांगतो की दोन धुण्यांनंतर कापड मऊ पडते.

गाडी निघाली. अक्का डोळे मिटून, कॅरीबॅग तोंडाजवळ धरून बसली होती. पाच मिनिटे झाली, दहा झाली. गावाच्या बाहेर दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता, मधेच हिरवी तूर उभी होती. गाडीचा आवाजच नसल्यामुळे दूरच्या मळणीयंत्राची घरघर ऐकू येत होती, आणि कुणाच्या तरी बैलाच्या गळ्यातली घंटासुद्धा. एवढी वर्षे, अगदी आदल्या दिवशीही बंद काचांआडून, मी हा रस्ता केला, पण या रस्त्याला आवाज आहेत हे मला माहीत नव्हते. अक्काने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग कॅरीबॅग घडी करून पिशवीत ठेवली.

गंगाखेडला गोदावरीच्या, आमच्याकडे जिला गंगाच म्हणतात तिच्या, पुलावर तिने मला गाडी हळू करायला लावली. काठोकाठ वाहणाऱ्या नदीवर ऊन पडले होते. अक्काने हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत.

“गंगा एवढी रुंद हाय व्हय रं, शिवा?”

“तू पाहिली नाहीस का? याच गावात तर येतेस.”

“येती. गाडीतून उतरेस्तोवर डोळं कुठं उघडे असतेत माजे?”

सत्तर वर्षे नदीपासून तासाभराच्या अंतरावर राहिलेल्या माणसाने ती पहिल्यांदा डोळे भरून पाहावी, हे मी शेजारी बसून बघत होतो. त्या क्षणी मला वाटले, गाडीची सगळी किंमत इथे वसूल झाली.

झरी

परभणी आली तेव्हा पासष्ट किलोमीटर झाले होते आणि पडद्यावर बासष्ट टक्के होते. मला साधी त्रैराशिके चांगली येतात. या दराने ही गाडी पावणेदोनशेलाही पोचणार नव्हती. तीनशे दूरच. घरी वळून दोन-तीन तास चार्ज करता आले असते. पण तसे केले तर कागद खोटा होता हे मीच कबूल केल्यासारखे झाले असते. रागाच्या भरात मी गाडी सरळ जिंतूरच्या रस्त्याला घातली. माझा राग माझे नुकसान करतो ते असे.

झरीला चहाला थांबलो तेव्हा पन्नास टक्के उरले होते. मी एसी बंद केला होता, अंगातून घाम वाहत होता. चहावाला गाडीभोवती फिरला.

“बॅटरीची का, मालक? किती जाती?”

“तीनशे.”

“जाती, का जाती म्हणतेत?”

टपरीवरचे चारजण हसले. मी चहाचा ग्लास आपटला. अक्का मात्र हसली नाही. ती बाकड्यावर बसून माझ्याकडे बघत होती. लहानपणी मी खोटे बोललो की ती अशीच बघायची.

“शिवा, खरं सांग. पोचतो का न्हाई?”

“पोचतो.”

“आन परत?”

परत येता आले नाही तर तिला डिझेलच्या जीपमध्ये घालून आणावे लागणार होते. राणीसावरगावपर्यंत चार तास. या वयात ते तिच्या जिवावर बेतले असते. ते दृश्य डोळ्यांपुढे आले आणि मी म्हणालो, “अक्का, माघारी फिरू. पुन्हा कधीतरी येऊ.”

“कवा? माजं वय काय आता मागं फिरायलंय का?” तिने उरलेला चहा बशीत ओतला. “परतीचं परत बघू. आदी अण्णाची भिंत दाव मला.”

जिंतूरच्या पुढे

जिंतूरकडचा मुलूख आमच्या काळ्या सपाटीसारखा नाही. जमीन वर उचलली जाते, टेकड्या येतात, माती तांबूस होते. चढावर टक्के पटापट पडत होते. छत्तीस, चौतीस, एकतीस. मी पायाचे बोट उचलल्यासारखे करून गाडी चालवत होतो. मागून ट्रकवाले शिव्या देत पुढे जात होते. अक्काने तेवढ्यापुरते नाक पदराने झाकून घेतले.

मग माथा आला आणि रस्ता पूर्णेच्या खोऱ्यात उतरू लागला. मी पाय पूर्ण काढून घेतला. गाडी आपोआप रेटून धरल्यासारखी हळू झाली. आणि पडद्यावर एकतीसचे बत्तीस झाले.

मी डोळे चोळले. बत्तीसच होते.

“अक्का, वाढले!”

“काय वाढलं?”

“चार्जिंग. उतारावर गाडी परत भरते, असे कुठेतरी वाचले होते. चाके उलटी वीज करतात.”

अक्काने बाहेर उताराकडे पाहिले, मग माझ्याकडे. “म्हंजी चढताना घेतलेलं उतरताना थोडं माघारी देती? माणसापरीस बरी हाय की.”

शोरूमवाल्याने इतके खोटे सांगितले, पण ही एक खरी नवलाची गोष्ट मात्र त्याने सांगितली नव्हती. त्याला ती माहीत तरी होती की नाही, देव जाणे.

येलदरी

धरण मी आधी पाहिले होते, कामाच्या गडबडीत, खिडकीतून. त्या दिवशी ते पाहिले असे म्हणता येईल. एका बाजूला पाणीच पाणी. डोळा जिथवर जातो तिथवर, आणि त्याच्या टोकाला टेकड्या धूसर निळ्या. दुसऱ्या बाजूला खोल दरीसारखी पूर्णा. दोन दरवाजे उघडे होते. त्यांतून पाणी पडत नव्हते, फुटत होते. पांढरा धूर व्हावा तसे तुषार वर येत होते आणि पायाखालची जमीन बारीक थरथरत होती. खाली वीजघर होते. तिथून तारा मनोऱ्यांवर चढून टेकड्यांपलीकडे निघून गेल्या होत्या.

अक्काने कपाळावर हात धरून भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. मग म्हणाली, “अण्णा म्हणायचे, भिंत बांधायलावत. मला वाटायचं, घराला असती तसली भिंत.”

ती भिंतीच्या दगडाजवळ गेली. तळहात त्यावर ठेवला. मग दुसऱ्या दगडावर. मग तिसऱ्यावर.

“ह्यातला अण्णाचा कोणचा आसंल रं?”

मी आयुष्यभर प्रत्येक वस्तूची किंमत केली. त्या भिंतीपुढे उभा राहिलो आणि मला एकही आकडा सुचला नाही.

अक्का एका झाडाखाली पाण्याकडे तोंड करून बसली. जेवणाआधी पूजा केल्याशिवाय ती घास घेत नाही. चांदीच्या पेटीतून इष्टलिंग काढून तिने डाव्या तळहातावर ठेवले, विभूती लावली आणि त्याच्यावर नजर लावून बसली. समोर एवढे प्रचंड पाणी गर्जत होते आणि तिची नजर तळहाताएवढ्या जागेवर होती. अण्णांच्या फुटलेल्या तळहाताला तेल लावणारा तोच हात. मी बाजूला उभा राहिलो. पूजा झाली, मग आम्ही भाकरी, कारळाची चटणी आणि येसराची घट्ट आमटी खाल्ली. तसे जेवण मी परत कधी जेवेन असे वाटत नाही.

जेवण झाले आणि मी गाडीकडे पाहिले. एकोणतीस टक्के. परभणी सत्तावन्न किलोमीटर, त्यात आता तोच घाट उलटा चढायचा. हे काही पुरणार नव्हते.

गिरणी

गाडीबरोबर आलेल्या वायरीला गिझरला असतो तसला मोठा तीन पिनांचा प्लग लागतो. जवळच्या वस्तीत चार घरे फिरलो. सगळीकडे मोबाईलचे छोटे प्लग. शेवटी एकाने पत्र्याच्या शेडकडे बोट केले. पिठाची गिरणी होती. मालकीण कौसाबाई, पन्नाशीची, भुवयांपर्यंत पिठाने पांढरी झालेली.

“तासाला काय पाहिजे ते घ्या, गाडी लावू द्या,” मी म्हणालो.

तिने जमिनीकडे बोट दाखवले. दारापासून एका रांगेत सात डबे ठेवले होते, ज्वारीचे, गव्हाचे. माणसे डबा ठेवून आपापल्या कामाला गेली होती. “मीटर एकच हाय. गिरणी का गाडी, दोन्ही एकदम चालत न्हाईत. नंबरात लावा.”

“अहो, मी दुप्पट देतो.”

“तुमी दुप्पट द्याल, आन ह्या डब्यावाल्या मला शिव्या चौपट देतील. नंबरात लावा म्हणलं ना.”

मी आवाज चढवला. तिने गिरणीचा पट्टा चढवला. गिरणीच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू येईना. शेवटी मी गाडी आणून सातव्या डब्याच्या मागे उभी केली. दळण न्यायला आलेल्या एका म्हाताऱ्याने गाडी बघून विचारले, “ह्येचं किती पायली हाय?” आणि सगळे हसले. अक्का तर पदर तोंडाला लावून हसत होती. ती कौसाबाईला डबे उचलू लागली होती, दोघींचे तासाभरात गणगोत निघाले होते.

सातवा डबा संपला आणि ऐन माझ्या नंबराला लाईट गेली.

“धरणाच्या पायाशी लाईट नाही?” मी ओरडलो. “इथेच तर तयार होते!”

कौसाबाई उंबऱ्यावर टेकली. “हे तिचं माहेर हाय, दादा. लेक सासरी गेली की माहेराला कवा यायचं ते सासरच्यांच्या मर्जीवर. यील. बसा.”

अर्ध्या तासाने ती आली. वायर लावली, गाडीवर हिरवा दिवा लागला. कौसाबाई पडद्याकडे बघत म्हणाली, “डबा केवढ्याचा हाय हिचा?”

“कसला डबा?”

“बॅटरीचा. किती युनिट मावतेत?”

मला माहीत नव्हते. मी तिला तीनशे किलोमीटरचे सांगायला लागलो. तिने हात झटकला. “ते दळण झालं. मी डबा विचारते. डबा न बघता पीठ किती निघंल ते कसं काय सांगितलं तुमाला? अन् तुमी घेतलं बी?”

मी कपड्यांचा माणूस. कापड हातात घेतल्याशिवाय मी कुणाच्या शब्दावर पैसे टाकत नाही. मी खाली बसलो आणि गाडी तपासू लागलो. दाराच्या चौकटीवर बारीक अक्षरांची एक पट्टी सापडली. त्यावर बॅटरीपुढे वीस होते. मग पुढच्या कप्प्यातला तो रंगीत कागद काढला. तीनशेच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, लिहिले होते की हा आकडा सत्तावीस युनिटच्या बॅटरीचा.

सांगाडा तोच, चाके तीच, रंग तोच. डबा मात्र लहान.

मी तिथूनच विक्रेत्याला फोन लावला. स्पीकरवर ठेवला, सगळ्यांना ऐकू जावे म्हणून.

“मामा, कागदावर ‘तीनशेपर्यंत’ लिहिलंय. ‘पर्यंत’ म्हणजे त्याच्या आतलं काहीही येतं.”

“वीसच्या गाडीला सत्तावीसचा कागद का दाखवलास?”

“तुम्ही भावच एवढा पाडला ना. त्या भावात तीच बसते.”

“मग हे तेव्हा बोलायला काय झालं होतं?”

फोन बंद झाला. कौसाबाई म्हणाली, “माप लहान करून भाव कमी केला की झालं. आमच्यात त्याला मापात मारणं म्हणतेत.”

अडीच तासांनी तिने मीटरवरचे आकडे वाचले आणि बरोबर तेवढ्या युनिटचे पैसे मागितले. एक रुपया जास्त नाही, कमी नाही. मी भाव केला नाही. माझ्या आठवणीत ही पहिलीच वेळ.

परभणी

घाट चढताना टक्के गळत होते, पण परभणीत पोचलो तेव्हा आठ उरले होते. अक्काला जीपमध्ये घालावे लागले नाही. ती रात्री माझ्या घरी राहिली, पहिल्यांदाच. सकाळी मी तिला अभिमानाने दुकान दाखवायला नेले. तिने पायरीवर उभे राहून पाटी वाचली. शाळेत दोनच इयत्ता झाल्या तिच्या, पण ठळक अक्षरे येतात.

“पन्नास टक्क्यां...परयंत सूट.” ती माझ्याकडे वळली. “शिवा, त्यो कालचा सबुद तुज्या दुकानावर बी हाय की रं.”

मला असा राग आला की मी तिच्याशी तासभर बोललो नाही. पन्नास टक्के सूट माझ्या दुकानात फक्त रुमालांवर आहे, हे मला माहीत होते. तेही मागच्या कोपऱ्यात.

दुपारी मी शिडी लावून पाटी उतरवली. नवीन पाटीवर कशावर किती ते सगळे लिहिले आहे. गिऱ्हाईक थोडे कमी येते आहे. चालायचेच.

आता माझा भाग झाला. शोरूमच्या मालकाचा राहिला आहे. मी तिथे तीनदा गेलो, तिन्ही वेळा मालक बाहेरगावी. म्हणून इथे लिहितो. अक्काला धरणाचे सगळे दरवाजे उघडलेले पाहायचे आहेत, आणि ती याच गाडीतून येणार आहे, कारण दुसऱ्या गाडीत ती बसू शकत नाही. मालकाने राणीसावरगावला यावे, माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसावे आणि एका चार्जिंगमध्ये आम्हाला येलदरीला नेऊन परत आणून दाखवावे. जमणार नसेल तर कौसाबाईच्या गिरणीपुढे, सातव्या डब्याच्या मागे, अक्काच्या तोंडावर एवढे सांगावे: डबा केवढ्याचा दिला, आणि आकडा कुणाच्या डब्याचा सांगितला?